आईच्या पसंतीचे पिकअप

तलावाकाठच्या क्लबात भिंगरीची पुरती फजिती झाली. नवरा डोळे मिटून विरहाचं गाणं गात होता, दीर ड्रमवर नुसते ब्रश फिरवत होता, समोरची मंडळी अगदी कासावीस होऊन ऐकत होती. अशा वेळी भिंगरीनं गिटारची तार हळूच छेडली, तर अ‍ॅम्प्लिफायरमधून एक बाई खणखणीत आवाजात बोलली, "स्टेशनच्या मागच्या बाजूला गाडी पाठवा, गिऱ्हाईक सामान घेऊन ताटकळलंय!"

शेजारच्या इमारतीत टॅक्सीवाल्यांचं ऑफिस होतं. त्यांचा वायरलेस थेट गिटारमध्ये शिरला होता. आधी पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, मग हॉलच्या हॉल हसत सुटला. नवऱ्याला पुढचं कडवं काही केल्या आठवेना. विरह गेला तो गेलाच.

लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून आईनं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि पंचेचाळिशी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. ती लिफ्ट दुरुस्त करायची. मोटारी, वायरी, तांब्याच्या गुंडाळ्या हा तिच्या रोजच्या भाकरीचा विषय. त्यामुळे घरी येऊन गिटार उघडल्यावर दुखणं कुठंय ते तिला लगेच कळलं. तारांखाली दोन चपट्या पेट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे वेढे. वर तार थरथरली की ती थरथर या पेट्या पकडतात आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायरला सांगतात. भिंगरीच्या पेट्या आता जे मिळेल ते पकडत होत्या. आवाज वाढवला की किंचाळायच्या, दिवा लावला की गुणगुणायच्या, आणि आता तर टॅक्सीही बोलवायला लागल्या होत्या.

"नवे पिकअप घालू. त्यात काय एवढं!" ती म्हणाली खरी, पण निवडायचे कुठले?

दीर म्हणाला, "वहिनी, दणदणीत घ्या. एक तार ओढली की खिडक्या हादरल्या पाहिजेत."

"भावजी, खिडक्या हादरवायला तुम्ही आहात की."

नवऱ्यानं चहाचा घोट घेत सांगितलं, "माझा गळा झाकला नाही म्हणजे मिळवली."

मग ती वाचायला बसली. एकानं लिहिलं होतं, अमक्या पिकअपचा आवाज लोण्यासारखा. दुसरा त्याच पिकअपला म्हणत होता काचेसारखा. तिसऱ्याच्या मते दोघांनाही कान नव्हते. लिफ्टची मोटार बदलायची तर तिच्यावरचे आकडे वाचले की काम भागतं, इथे आकडे पाठ झाले तरी आवाज काही ऐकू येईना. जेवताना तिचं लक्ष नसे, झोपेतही ती चुंबकांवर बोलते अशी नवऱ्याची तक्रार होती.

असा महिना गेला. त्याच सुमारास आईला कानाचं नवं यंत्र मिळायचं होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखायची आणि त्याचं घरी भांडण झालंय का तेही सांगायची. नेमके तिचेच कान गेल्या काही वर्षांत मंदावले. तरी लेकीचा एकही कार्यक्रम तिनं चुकवला नव्हता. पहिल्या रांगेत बसायची, टाळ्या वाजायला लागल्या की आपणही वाजवायची. तिला फारसं ऐकू येत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, पण त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आई पायरीवरच थबकली.

"अगंबाई, माझी चप्पल वाजते!"

"सगळ्यांचीच वाजते, आई."

"आणि तो बघ, तो सायकलवाला शीळ घालतोय. बेसूर आहे मेला." आईचा चेहरा लखलखला होता. रस्ताभर ती आपल्या पिशवीची चेन उघडून मिटून बघत होती. बसचे ब्रेक, दुकानाचं शटर, कोणाच्या तरी खिशातली चिल्लर, जे कानावर पडेल ते भिंगरीला सांगत होती, जणू तिच्या लेकीलाच ऐकू येत नव्हतं.

घरी जायच्या वाटेवर गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराची खोली होती, म्हणून भिंगरीनं आपली गिटार पाठीला लावूनच आणली होती. भिंगरी म्हणाली, "दहा मिनिटं येतेस का? तुला कंटाळा येईल, पण..."

"चल ना! आज मला कशाचाच कंटाळा नाही."

लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास असलेल्या त्या खोलीत कारागिरानं आईला स्टूल दिलं. त्याच्याकडे एक खास गिटार होती. तिला मागून खाच होती, त्यात पिकअप ड्रॉवरसारखे सरकवायचे, काढायचे. वायरींना सोल्डरचा डाग द्यायची गरज नाही.

पहिली जोडी लखलखीत आवाजाची होती. भिंगरीनं तार छेडताच आईनं गाल धरला. "हा दातात शिरला गं."

कारागीर हसला. दुसरी जोडी दिराच्या पसंतीची, दांडगी. आई क्षणभर ऐकून म्हणाली, "हा माणूस दुसऱ्याला बोलूच देत नाही. अशी गिऱ्हाइकं मी फार जोडून दिलीत."

तिसरी जोडी प्रत्येकी दोन गुंडाळ्यांची, एकीची गुणगुण दुसरी मारते, म्हणून गुणगुण मुळीच नाही. भिंगरीनं खालच्या बाजूचा, खणखणीत आवाजाचा पिकअप लावून वाजवलं. आईची मान डोलायला लागली. "हा चांगला. स्पष्ट बोलतो, पण ओरडत नाही." मग भिंगरीनं त्याच जोडीतला वरचा, मऊ आवाजाचा लावला. आईनं कपाळाला आठी घातली.

"हा पोटभर जेवून बोलतोय. झोप येईल मला."

"काकू, तुम्ही माझ्याकडे नोकरीलाच या," कारागीर म्हणाला.

आई मात्र विचारात पडली होती. "भिंगरे, तू भिंतीपलीकडच्या खोलीत वाजवायचीस, मी रात्रपाळीहून येऊन पडलेली असायची. तेव्हाचा आवाज कुठला? थोडा घोगरा, सर्दी झालेल्या मुलीसारखा. झोप मोडायची, पण मी कधी बंद कर म्हटलं नाही. तो मला पुरता आठवतो. तो कुठे गेला?"

भिंगरीनं मांडीवरची गिटार बाजूला ठेवली. तो आवाज कुठे जाणार? तो तर तिनं पाठीवरून आणलेल्या पिशवीत होता, तिच्या स्वतःच्या गिटारच्या वरच्या पिकअपमध्ये. आज फेकून द्यायला आणलेला.

तिनं आपली गिटार काढली, अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि वरच्या पिकअपवर एक सूर धरला. गुणगुण होतीच, शेवटी किंचाळलाही. पण आई स्टुलावरून उठली.

"हाच! हाच गं बाई!"

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. आपण भिंतीपलीकडे जे वाजवत होतो ते कोणीतरी जपून ठेवलं होतं, हे तिला आजच कळत होतं.

"अहो, हा बरा होईल का?" आईनं कारागिराला विचारलं, जसं काही पोराला तापच आलाय.

त्यानं पेटी उलटीसुलटी करून पाहिली. "होईल की. वेढे सैल झालेत. गरम मेणात बुडवला की किंचाळणं थांबेल. आणि गिटारच्या पोटात तांब्याचा पत्रा चिकटवून नीट जोडला की वायरलेस आत शिरायचा नाही. गुणगुण थोडी राहील बरं का, तो त्याचा स्वभावच."

"राहू दे. स्वभाव असावा माणसाला," आई म्हणाली.

म्हणजे वर जुनाच आणि खाली नवा, दोन गुंडाळ्यांचा. महिनाभर न सुटलेला तिढा एका स्टुलावर बसून सुटला. डाग मात्र भिंगरीनं स्वतः दिले. कारागिरानं तिची सफाई पाहिली आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची जुनी वायरही पुढे सरकवली. "ताई, हात चालतोय तोवर एवढं एक."

पुढच्या कार्यक्रमाला क्लबाचा हॉल गच्च भरला. मागच्या वेळची गंमत कर्णोपकर्णी गेली होती, निम्मे लोक टॅक्सीसाठीच आले होते. त्यांची निराशा झाली. भिंगरीनं वरच्या पिकअपवर पहिला घोगरा सूर सोडला आणि खुर्च्यांची करकर थांबली. दुसऱ्या गाण्याला तिनं खालचा लावला. तो असा मोकळा, स्वच्छ बोलला की दिरानं ड्रम वाजवता वाजवता "वा वहिनी!" अशी आरोळी ठोकली. तिसऱ्या गाण्याला लोक नाचायला उठले. कारागीरही आला होता, त्याला आईनंच हात धरून ओढलं.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. आई धापा टाकत स्टेजपाशी आली. भिंगरीला वाटलं, आता कौतुक होणार.

"जावईबापू," आई नवऱ्याकडे बोट रोखून म्हणाली, "शेवटचं कडवं खाल्लंत तुम्ही. आता मला ऐकू येतं!"

नवऱ्यानं जीभ चावली, भिंगरी पोट धरून हसली, आणि ते गाणं त्यांनी पहिल्यापासून पुन्हा धरलं.