सव्वाचार इंचाचं अस्वल

मी इंचीटेप बोलतेय. लांबी साठ इंच. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. रंग पिवळा होता, आता कळकट म्हणा. कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. अकोल्याच्या बाजारातून नसीमबानोनं मला आणलं आणि अकोटच्या तिच्या शिवणकामाच्या दुकानात चार वर्षं मी तिच्या गळ्यात काढली.

तिथं मला माणसं कळली. माप देताना बायका पोट आत ओढतात, पुरुष छाती फुगवतात. नसीमबानो कुणाला काही म्हणायची नाही. समोरच्यानं श्वास सोडला की मगच आकडा वाचायची.

एक दिवस रागिणी वर्दी शिवून घ्यायला आली. ती वलगावच्या शेतकऱ्याची मुलगी, आमच्याकडच्या डोंगराखाली वनरक्षक म्हणून नवीनच लागलेली. बोलता बोलता म्हणाली, तिची पोलादी टेप गंजून अडकते, जनावरांचे ठसे मोजता येत नाहीत. नसीमबानोनं मला गळ्यातून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"घेऊन जाय बेटी, मले दुसरी हाय. फक्त ओली गुंडाळू नको."

तेव्हापासून मी पंजे मोजते. बिबट्याचा, तडसाचा आणि अस्वलाचा. अस्वलाचा ठसा ओळखायला सोपा. पुढच्या पायाची गादी रुंद, बोटं जवळजवळ एका ओळीत आणि नखांची टोकं बरीच पुढं उमटलेली.

मार्च सरत आला होता, मोहाची फुलं गळायला लागली होती. किशोर आणि विपुल हे दोघे भाऊ पहाटेच टोपल्या घेऊन ओढ्याकाठच्या घळीत फुलं वेचायला गेले. किशोर पुढं होता. अस्वल त्याच्या अंगावर आलं. विपुल ओरडत, दगड मारत धावला तेव्हा ते पळालं. किशोरचा खांदा फाटला, डोक्याची कातडी सोलली गेली. त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला.

रागिणी गावात पोचली तोवर लोकांच्या तोंडी अस्वल वाढलं होतं. सकाळी ते वासराएवढं होतं, दुपारी म्हशीएवढं झालं. चावडीसमोर विपुलनं तारेचं भेंडोळं आणून टाकलं होतं. विहिरीच्या मोटरीवरून करंट घ्यायचा आणि घळीच्या तोंडाशी तार लावायची, असं ठरलं होतं. अस्वल नेमकं कोणत्या वाटेनं जातं, एवढं सांगायला त्यांनी खुशालरावांना बोलावलं होतं.

खुशालराव आता ऐंशीच्या घरात. शिकारबंदीच्या आधी, ऐन तारुण्यात, अमरावतीहून बंदूकवाले पाहुणे यायचे तेव्हा ते त्यांच्यासोबत रानात जात. जनावर केवढं, नर की मादी, थांबण्याच्या लायकीचं आहे की नाही, हे ठसा पाहून सांगणं त्यांचं काम. त्यांच्या शब्दावर बंदूक उचलली जायची किंवा खाली ठेवली जायची.

"मॅडम, तुमी मधात पडू नका," विपुल म्हणाला. "माझा भाऊ तिकडं टाक्यायनं भरला हाय."

"मी आडवी येऊन नाही राहिली," रागिणी म्हणाली. "कोण हाय ते मोजू तर द्या. मंग बोलू."

खुशालराव काठी टेकत उठले. "चाल पोरी. मीबी पाह्यतो."

ओढ्याच्या ओल्या वाळूत विपुलनं ठसा दाखवला. रागिणीनं मला त्यावर अंथरलं. साडेअकरा इंच.

"पाहा!" विपुल ओरडला. मागून आलेली माणसं कुजबुजू लागली. मी काय करणार? माझा आकडा खरा होता.

खुशालराव उकिडवे बसले, एक काडी उचलली आणि ठशाच्या मधोमध पुसट दिसणारी रेघ दाखवली. "हे पाऊल एक नाही, दोन हायेत. पुढचा पाय उचलला अन् मागचा त्याच्यावरच पडला. जोडून लांब झालं."

पाच पावलांवर पुढच्या पायाचा स्वच्छ ठसा मिळाला. रागिणीनं माझं एक टोक दाबून धरलं, दुसऱ्या हातानं मला ताणलं. गादीची रुंदी सव्वाचार इंच.

"मादी वाटते. तेबी लहान चणीची," खुशालराव म्हणाले.

"खोटं!" विपुलचा आवाज फाटला. "मी डोयानं पाह्यलं, बाबाजी. त्या मोहाखाली उभं होतं. त्या गाठीपर्यंत पाठ होती त्याची!"

रागिणीनं वाद घातला नाही. तिनं मला मोहाच्या बुंध्याला लावलं. जमिनीपासून गाठीपर्यंत चाळीस इंच.

"बाबाजी, सव्वाचार इंची पंजाची मादी खांद्याले केवढी?"

"सत्तावीस. फार तर अठ्ठावीस."

"मंग वरचे बारा इंच कोणाचे?"

खुशालरावांनी बुंध्याला हात लावला आणि तसेच खाली बसले. काडी हातातून गळून पडली.

"एकाहत्तर साल होतं," ते म्हणाले. "असाच मोह गळत होता. सांजची वेळ. जनावर पाठीत उंच दिसलं. मी पाव्हण्यायले म्हटलं, मोठा नर हाय, सोडू नका. पडल्यावर जवळ गेलो त मादी होती. पाठीच्या केसायले दोन पिल्लं चिकटून होती. एक जित्तं होतं. ते पाव्हण्यायनं मोटारीत टाकून नेलं. त्या दिवसापासून मी कोणाले अंदाज सांगतला नाही. लोकायले वाटते, बंदी आली म्हणून सोडलं."

रागिणी घळीत शिरली, बाकीचे मागोमाग. फोडलेल्या वारुळाजवळ भुसभुशीत मातीत आईचा पंजा होता आणि त्याच्या भोवती लहान लहान ठसे. मी मोजला तो दोन इंचांनाही भरला नाही. शेजारी आणखी होते, थोड्या वेगळ्या मापाचे. म्हणजे पिल्लं दोन.

विपुलनं मला रागिणीच्या हातून घेतलं आणि स्वतः पुन्हा मोजलं. त्याच्या नखांत भावाचं वाळलेलं रक्त अजून होतं. मला परत देताना तो म्हणाला, "मंग काय, आमी मोह येचूच नाही?"

"येचा," रागिणी म्हणाली. "पण उजाडल्यावर जा, चौघं-पाचजणं मिळून, मोठ्यानं बोलत. अन् ही घळ तीन हप्ते सोडा. पिल्लं जराशी मोठी झाली की ती वर डोंगरात निघून जाईन."

"अन् नाही गेली त?"

"त मी हापिसातून पिंजरा मागवतो. लिहून देतो तुमाले."

विपुलनं वारुळाकडे पाहिलं. "तीन हप्ते," तो म्हणाला. "वर एक दिवस नाही." गावात परतल्यावर तारेचं भेंडोळं त्यानं स्वतःच उचलून नेलं. त्याचा राग गेला नव्हता. जायला हवा होता, असंही मी म्हणणार नाही.

खुशालराव तिन्ही हप्ते रोज पहाटे घळीच्या तोंडाशी येऊन बसले. कुणी आत जाऊ लागलं की काठी आडवी धरत. विसाव्या दिवशी डोंगराच्या वाटेवर सव्वाचार इंचांचा पंजा वर जाताना मिळाला. लहान ठसे मिळाले नाहीत. "पाठीवर असतीन," खुशालराव म्हणाले.

किशोर घरी आला. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. रागिणीनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढीशीच होती? मले त वाटलं, अख्खा डोंगर आंगावर आला."

रागिणी हसली नाही. "वाटनच ना दादा," म्हणाली.

आता माझ्या टोकाची पत्री निघाली आहे आणि एक ते सहा आकडे पुसून गेले आहेत. रागिणी मला दहापासून लावते आणि शेवटी दहा वजा करते. असं आणखी एखादं वर्ष निभेल.

जाता जाता एक मागणं आहे. कुणी धापा टाकत तुमच्या दारात येईल, दोन्ही हात पसरून 'एवढं होतं' म्हणेल, तर त्याला खोटं पाडू नका. तो भ्यालेला आहे. त्याला पाणी द्या, बसवा, आणि मग विचारा, पाय कुठं उमटले ते दाखवशील का?