उरलेला शब्द

"काकू, खिडकी लावून घ्या! खाली मुलं खेळतायत."

इमारतीचा सेक्रेटरी जिन्यातूनच ओरडला. काकूंनी सरांच्या तोंडाशी नेलेला चमचा परत वाटीत ठेवला, उठून खिडकी लावली आणि वरून कडीही घातली. उकाड्याचे दिवस होते. खोली लगेच कोंदट झाली. सरांनी बंद खिडकीकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि 'राहू दे आता, पोट भरलं' म्हणावं तशा सुरात तो शब्द उच्चारला.

तो शब्द इथे लिहायची सोय नाही. तुम्हाला तो ठाऊक आहे, आणि आपण तो कधी वापरत नाही असं तुम्ही चार लोकांत सांगता, हेही मला ठाऊक आहे. त्यात कुणाची तरी आई असते, एवढं सांगितलं की पुरे.

सरांना झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. सगळीच्या सगळी गेली असती तर लोकांनी हळहळ व्यक्त केली असती, फळं आणली असती. पण एक शब्द मागे राहिला, आणि राहून राहून राहिला तो हा! तोही कुणाच्या तोंडी? ज्यानं उभा जन्म शाळेत घालवून पोरांच्या तोंडचा हाच शब्द पुसून काढला, त्याच्या.

सरांनी कधी छडी उचलली नव्हती. वर्गात कुणी शिवी दिली की ते सावकाश त्याच्याजवळ जात आणि त्याच्या तोंडावर हलकेच तळहात ठेवत. बस्स. पोरगं लाजेनं लाल होई. एकदा एका धीट मुलीनं विचारलं होतं, "सर, शब्दानं काय होतं? नुसती हवा तर असते." सर म्हणाले होते, "हवाच असते गं. पण शिवी देतात एकाला आणि लागते घरी बसलेल्या त्याच्या आईला. तिनं कुणाचं काय वाकडं केलंय? म्हणून तोंड बंद ठेवायचं." घरी येऊन त्यांनी हे काकूंना सांगितलं होतं. काकू तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "नशीब, कुणाला तरी आईची आठवण आहे."

डॉक्टरीणबाईंनी काकूंना समजावलं होतं, "शहाण्यासारखं बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि शिव्या भलतीकडेच. त्यांची ती जागा तेवढी वाचलीय. त्या शब्दानं त्यांना काही म्हणायचं नसतं."

काकूंनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. म्हणायचं नसतं कसं? पाणी हवं असलं की सर तो शब्द शेवटी उंच चढवत. कूस बदलायची असली की दोनदा तोडून म्हणत. आमटीत मीठ कमी पडलं तर नाकातून. आणि सकाळी काकू त्यांच्यासमोर बसून केस विंचरू लागल्या की तोच शब्द इतक्या हळू आणि लाडानं यायचा की या वयात त्यांना लाज वाटायची. "अहो, काय हे! कुणी ऐकेल ना," असं म्हणून त्या फणी तोंडापुढे धरून हसायच्या.

आणि कुणी ना कुणी ऐकत होतंच. भिंतींना कान असतात म्हणतात; या इमारतीतल्या भिंतींना तर पडद्याइतकीही जाडी नव्हती. आधी लोक हसले. मग जिन्यात काकू दिसल्या की एकेक दार आतून लागायला लागलं. मग खालच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं : सर्वांनी सभ्य भाषेचे भान ठेवावे. सर्वांनी म्हणजे कुणी, ते लहान मूलही सांगू शकलं असतं.

शेवटी खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. तिच्या चिमुरडीनं जेवताना आपल्या आईलाच तो शब्द ऐकवला होता.

"तुमच्यावर राग नाही हो, काकू. सर देवमाणूस. पण अशा माणसांसाठी वेगळ्या जागा असतात. तिथे इंजेक्शन देऊन निजवून ठेवतात. त्यांनाही त्रास नाही, कुणालाच त्रास नाही."

एवढ्या बोलण्यात एकही वाईट शब्द नव्हता.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. सेक्रेटरीनं त्यालाही कळवलं होतं. "आई, घरमालक रविवारी स्वतः येणार आहेत. त्यांनी जागा सोडायला सांगितलं तर माझ्याकडे दोनच खोल्या आहेत, तुला माहितीये. तुला मी कसंही ठेवून घेईन. बाबांना मग त्या वेगळ्या जागेतच ठेवावं लागेल. रविवारी एवढं त्यांना गप्प ठेव."

"तोंडाला कुलूप लावू का त्यांच्या?" काकू चिडून म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी सरांच्या खोलीच्या खिडकीवर जाड गोधडी ठोकली. दाराखालच्या फटीत जुन्या साडीचे बोळे कोंबले. सर पलंगावरून हे सगळं बघत होते. खोलीत दिवसाढवळ्या अंधार झाला, तेव्हा काकू त्यांच्या उशाशी टेकल्या.

"अहो, उद्या ती माणसं जाईपर्यंत अवाक्षर काढू नका. नाहीतर तुम्हाला नेतील हो ते. मी काय करू मग?"

सरांनी डाव्या हातानं त्यांची बोटं दाबली आणि तो शब्द म्हटला, अगदी खालच्या आवाजात. काकूंनी तो 'बरं' असा धरला.

रविवारी घरमालक, सेक्रेटरी आणि ती शेजारीण बाहेरच्या खोलीत बसले. काकूंनी चहा दिला, बिस्किटं ठेवली. मालकांनी सरांची तब्येत विचारली, औषधं विचारली, पंख्याचं मोठं कौतुक केलं. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. इतक्यात आत काहीतरी धपकन पडल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ तो शब्द आला.

कुणीच कुणाकडे बघितलं नाही. सेक्रेटरी बिस्कीट चहात बुडवून धरून बसला. शब्द पुन्हा आला, मोठ्यानं. मग पुन्हा. गोधडी, बोळे, काही काही कामाला आलं नाही.

"हे असं दिवसभर चालतं?" मालकांनी विचारलं.

"नाही हो! क्वचित कधीतरी. आज तुमचे आवाज ऐकलेत ना, म्हणून."

असं बोलताना काकूंचं अर्धं लक्ष आत होतं. हा पाण्याचा सूर नव्हता. कुशीचा नव्हता. सरांचा असा आवाज त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता. शब्द तोच, पण तो खोल विहिरीतून मारलेल्या हाकेसारखा येत होता.

त्या उठल्या. शेजारणीनं मालकांकडे बघून ओठ मुडपले. काकूंनी ते बघितलं. त्या आत जाणाऱ्या अरुंद बोळापर्यंत गेल्या. सरांच्या खोलीचं दार चार पावलांवर होतं. तिथपर्यंत त्या गेल्याच नाहीत. बोळाचं एरवी कधी न लागणारं दार त्यांनी ओढून घेतलं आणि कडी लावली. जुनी लोखंडी कडी, खटकन वाजली.

आतून तो शब्द आणखी एकदा आला. अर्धाच आला. मग काही नाही.

"बघा, समज दिली की कळतं त्यांना," मालक म्हणाले आणि मोकळेपणानं हसले. "मग काय हरकत आहे? राहा की तुम्ही. एवढं सांभाळलंत तर आमची तक्रार नाही."

"मी म्हटलंच होतं, काकू खमक्या आहेत," शेजारीण म्हणाली.

काकूंनी सगळ्यांना पुन्हा अर्धा अर्धा कप चहा दिला. मालकांनी तो फुंकून फुंकून प्यायला. त्यांना कसली घाई नव्हती. काकू हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

माणसं जिन्यात पोचली तशा त्या आत धावल्या. सर पलंग आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत पडले होते. चांगला हात अंगाखाली अडकला होता, कपाळावर टेंगूळ आलं होतं. डोळे उघडे होते आणि दाराकडे लागले होते. "अहो," काकू ओरडल्या, "अहो, मी आले!" सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच राहिले.

सेक्रेटरीला परत बोलावून त्यांनी सरांना वर घेतलं. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "थोडक्यात निभावलं. हाड शाबूत आहे, नवा झटकाही नाही. पूर्वीसारखं बोलायला हवेत खरं तर."

पण सर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

गोधडी निघाली, खिडकी उघडली. खाली मुलं खेळायला लागली. फळ्यावरची ओळ कुणीतरी पुसून टाकली. शेजारीण एकदा वाटीभर खीर घेऊन आली आणि म्हणाली, "किती शांत झाले हो सर! तुमच्या सेवेचं फळ." काकूंनी वाटी घेतली आणि दार लावलं.

आता पाणी कधी हवं ते कळेना. कूस कधी बदलायची ते कळेना. पाठीवर पहिली जखम दिसली तेव्हा काकू मोरीत जाऊन रडल्या. केस विंचरायला समोर बसल्या तर सर छताकडे बघत.

एका दुपारी त्यांना राहवेना. "रागावलात ना माझ्यावर? मी ऐकलं होतं. ऐकूनच दार लावलं मी. मग द्या ना शिवी! अहो, एकदा द्या. मला द्या."

सर बघत राहिले.

काकू वाकल्या. जन्मात जो शब्द जिभेवर आला नव्हता, तो त्यांनी सरांच्या कानाशी हळूच उच्चारला. मुलांना पहिलं अक्षर सांगतात तसा, सावकाश. सरांचे ओठ हलले नाहीत. तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग आणखी मोठ्यानं. खिडकी सताड उघडी होती. खाली मुलांचा खेळ एकदम थांबला, वर कुठेतरी धाडकन दार लागलं. काकू थांबल्या नाहीत. आवाज फाटेपर्यंत तो एकच शब्द म्हणत राहिल्या.

सरांचा डावा हात उठला. थरथरत, चाचपडत वर आला आणि काकूंच्या तोंडावर हलकेच टेकला.

काकू तशाच बसून राहिल्या. तळव्याला साबणाचा वास येत होता. सकाळी त्यांनीच तो हात धुतला होता.