फाटकापाशी हाक

“कोंबड्या गाडीतून उतरणार नाहीत,” फाटकाची साखळी घट्ट धरून पाकू म्हणाली.

गाडी तिच्या दिराची, सेंगची. मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या मांडीवरच्या खोक्यात एक कोंबडा, एक कोंबडी, दोन्ही जिवंत.

“वर टेकडीवर हजारो पाळतेस आणि या दोघांना घाबरतेस?” सासूबाई कडाडल्या.

“त्या कंपनीने तपासून पाठवलेल्या आहेत, आई. आणि या कुठल्या बाजारातून आल्यात कोण जाणे!”

हृदयाच्या ऑपरेशननंतर वामेंग, पाकूचा नवरा, घरी आला तो नुसता देहाने. जेवण नाही, बोलणं नाही. आत्मा इस्पितळातच राहिलाय, दारात कोंबड्या ठेवून हाक मारल्याशिवाय तो परतायचा नाही, हे सासूबाईंचं निदान. पाकूलाही ते पटत होतं. लाओसच्या डोंगरांतून आलेल्या हमोंग लोकांच्या घरातच वाढली होती ती. पण गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या टेकडीवर बर्ड फ्लू आला आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या सगळ्या शेड रिकाम्या झाल्या. अमेरिकेतल्या आर्कान्सामधलं हे कुक्कुटपालन सोडून तो आता ट्रक चालवतो. तेव्हापासून पाकूने प्रत्येक शेडला वेगळे बूट ठेवले, गाड्यांची चाकं धुतल्याशिवाय आत सोडणं बंद केलं. नातेवाईक तिला ‘साबणवाली’ म्हणत. तिला ते लागायचं.

“माझा मुलगा मोठा की तुझ्या कोंबड्या?”

पाकूचे डोळे भरून आले. “आई, शेड त्यांनीच बांधल्यात. रिकाम्या शेड बघायला त्यांना परत बोलावू का?”

सेंग हळूच म्हणाला, “वहिनी, मग करायचं काय?”

“इथूनच हाक मारा. पाहुणा असो की आत्मा, आमच्याकडे यायची वाट याच फाटकातून आहे.”

“रस्त्यावर? लोक हसतील!”

“हसू देत.”

पाकूने वामेंगला खाली आणून फाटकाच्या आत खुर्चीवर बसवलं. बाहेर गवतावर खोकं, भाताचा वाडगा, अंडं, उदबत्ती. सासूबाईंनी हाक मारून, आत्मा आला का याचा कौल घ्यायला शिंगाची दोन शकलं जमिनीवर टाकली. कौल मिळाला नाही. पुन्हा टाकली, पुन्हा नाही. वामेंग शून्यात बघत होता.

मग म्हातारीने पदरचंच काही घातलं. “ये रे बाळा वामेंग! घाबरू नकोस. बायको खडूस आहे तुझी, पण घर तिनेच राखलंय. फाटकात पाय धू, बूट बदल, हात चोळून घे, नाहीतर आत घ्यायची नाही हो ती!”

वामेंगचे खांदे हलले. पाकू घाबरून वाकली. तो हसत होता!

शकलं हवी तशी पडली. सासूबाईंनी बादलीत कोपरापर्यंत हात घासले आणि फाटकाच्या गजांतून आत्मा पुन्हा जाऊ नये म्हणून लेकाच्या मनगटाला पांढरा धागा बांधला.

“आई, भूक लागलीय,” तो म्हणाला.

पाकूने साखळी काढायला हात घातला. “चला आई, तुम्हीही वर चला.”

“मी कशी येऊ? कोंबड्या मांडीवर घेऊन आलेय मी.” सासूबाईंनी डोळे पुसले. “सेंगकडे राहीन. तू त्याला ऊन ऊन भात वाढ.”

आणि खोकं उचलून त्या आपणहून गाडीत जाऊन बसल्या.