डाग काढणारा खोडरबर

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. पेन्सिलीच्या टोकावर बसणारा गुलाबी, गोंडस नव्हे. मी राखाडी, कणकेसारखा मऊ. मला आधी बोटांनी मळावं लागतं. मग मला कागदावर घासत नाहीत, नुसतं टेकवतात आणि उचलतात. कोळशाची काजळी माझ्या अंगाला लागते आणि तिथे उजेड पडतो. डोळ्यातला चमकता ठिपका, नाकाच्या शेंड्यावरची लकाकी, ही सगळी माझी करणी! म्हणून कुणी मला 'चुका पुसणारा' म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि तिथून चित्रकारबाईंच्या खोलीत. खाली शिंप्याचं दुकान, वर बाईंची खोली. एक मोठी खिडकी, तिच्यासमोर बसणाऱ्यासाठी एक खुर्ची. बाई पेन्सिलीने, कोळशाने, रंगीत पेस्टलच्या कांड्यांनी माणसांचे चेहरे काढत. लोक चित्रावर बेहद्द खूश असत, कारण चित्रातला माणूस खुर्चीतल्या माणसापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसे. 'हा मस नको', 'गळ्याची वळी जरा कमी करा' असं कुणी म्हटलं की बाई मान डोलवत आणि मला हातात घेत. माझी वाहवा होई. मीही फुशारून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

एके सकाळी एक बेकरीवाले काका आपल्या पुतणीला घेऊन आले. त्यांच्या बेकरीत भिंतीवर मुलीच्या आजोबांचं पेन्सिलचित्र होतं आणि वडिलांचं कोळशाचं. दोन्ही बाईंनीच काढलेली. वडील वारले आणि भट्टी मुलीच्या हाती आली. तिचं चित्र आता त्या दोघांशेजारी लागायचं होतं. पण दोन वर्षांपूर्वी भट्टीचं दार उघडताना झोत अंगावर आला आणि तिचा डावा गाल भाजला होता. तेव्हापासून काकांनी तिला आत पीठ मळायला ठेवलं होतं. गल्ल्यावर स्वतः उभे राहत.

"रंगीत काढा, छान," काका म्हणाले. "आणि तो डाग तेवढा काढा. गिऱ्हाईक पाव घ्यायला येतं, दचकायला नाही."

काका गेले. बाईंनी मला मळायला घेतलं. तोच मुलीने पिशवीतून वडिलांचं चित्र काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, यात बाबांच्या हनुवटीवरची खूण कुठे आहे?"

"भाजल्याची? काढली होती मी. तुझ्या काकांनी पुसायला लावली."

"लहानपणी मी त्या खुणेवर बोट ठेवून झोपायचे. आता हे चित्र बघते तर कुणीतरी पाहुणे बसल्यासारखं वाटतं. बाबा वाटतच नाहीत."

मित्रांनो, ती खूण मीच उचलली होती. बाईंच्या हातात मी तेव्हा इतका जड झालो म्हणून सांगू! बाईंनी चित्राची काच काढली, कोळसा घेतला आणि विचारलं, "नक्की कुठे?" मुलीने आपल्याच हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं. खूण पुन्हा उमटली. मुलगी चित्राकडे बघत राहिली आणि मग बाहीने डोळे पुसले.

"आणि माझा डाग, बाई?" ती म्हणाली. "तोही काढा. जसा आहे तसा."

चार दिवस ती त्या खुर्चीत ताठ बसली. बाईंनी गुलाबी, जांभळट, विटकरी असे थर चढवले. पण भाजलेल्या कातडीला एक ताणलेली चकाकी असते, ती कुठल्याच कांडीत मिळेना. ती मी आणली. टेकवा, उचला, टेकवा, उचला. साऱ्या आयुष्यात मी डाग खोडले. तो डाग मात्र खोडून खोडून काढला!

पाचव्या दिवशी काका आले आणि भडकले.

"हे काय? मी डाग काढा म्हटलं होतं!"

"काढलाय की," बाई म्हणाल्या.

"काढा म्हणजे पुसा!"

"तसं म्हणाला असतात, तरी पुसला नसता."

"हे माझ्या दुकानात लागणार नाही."

"लागेल," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरासाही चढला नाही. "आणि त्याच्याखाली मी उभी राहणार. उद्यापासून पीठ तुम्ही मळा, काका."

आठवड्याने बाई पाव आणायला गेल्या. मी त्यांच्या एप्रनच्या खिशातच राहिलो होतो. भिंतीवर तीन चित्रं होती. आत काका तोंड फुगवून पीठ मळत होते. एका गिऱ्हाइकाने चित्राकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि मग पावाकडे.

"हा जरा जास्त भाजलाय. मागचा द्या."

"जास्त भाजलेलाच खमंग लागतो," ती म्हणाली. "घेऊन तर बघा."

त्याने तोच घेतला.

त्यानंतर बाईंनी कुणाचाही मस माझ्याकडून पुसून घेतला नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत! आता मी काळाठिक्कर आणि कडक झालोय, मोडक्या कांड्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात पडून असतो. माझी कीव करू नका. उद्या तुम्ही कुणाचा चेहरा काढायला बसाल आणि बाजूला उभं राहून कुणी म्हणेल, 'एवढं पुसून टाका.' तेव्हा आधी खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा. तो 'नको' म्हणाला, तर हातातला खोडरबर सरळ खाली ठेवा. आम्ही रुसणार नाही.