मागे राहिलेला खलाशी

दुपारच्या सुट्टीत शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायका डबे उघडत होत्या, तेवढ्यात रुपालीला मुंबईच्या एजंटाचा फोन आला. तिचा नवरा शिवराज मालवाहू जहाजावर खलाशी होता.

"तुमचा माणूस ब्राझीलच्या बंदरात उतरला, तो परत आलाच नाही," एजंट म्हणाला. "जहाज निघून गेलं. पळून गेला, असं कॅप्टननं तिथल्या आपल्या वकिलातीला लिहून दिलंय." अशा माणसाला पुन्हा कुठलंच जहाज घेत नाही, हेही त्यानं वर सांगितलं.

रुपाली मशीनवर जाऊन बसली. शाळेच्या गणवेशांना बाह्या जोडायच्या होत्या. एक बाही उलटी जोडली गेली, ती तिनं उसवली.

शिवराजचा फोन बंदच होता. त्याच्या गावी, मंगळवेढ्यात, बातमी वाऱ्यासारखी पसरली. सासरे आबासाहेब एसटीनं सोलापूरला रुपालीकडं आले आणि खोलीच्या उंबऱ्यावरच टेकले.

"लोकं म्हंत्यात, तिकडं बाई केली आसंल. मेंढरं राखली आसती तर हितंच ऱ्हायला आसता की."

"तुमालाबी तसंच वाटतंय व्हय, आबा?"

"मला काय कळतंय, पोरी. म्या समिंदर बघितलाय कुटं?"

कॉलेजात शिकणाऱ्या नणंदेनं, ऋतुजानं, वकिलातीला मेल लिहिले. उत्तर ठरलेलं यायचं. कॅप्टननं दिलेली नोंद आमच्याकडे आहे, खलाशाचा जबाब मिळाल्याशिवाय ती बदलता येत नाही. ज्या माणसाचा ठावठिकाणाच नाही, त्याचा जबाब आणायचा कुठून? रुपाली कामाला जायची, येताना भाजी घ्यायची. "काय कळलं का गं?" असं शेजारणीनं विचारलं की नुसती मान हलवायची. पुढं पुढं तिला त्या प्रश्नाचाच शीण यायला लागला.

मग एका सकाळी परदेशातून फोन आला. वकिलातीत खलाशांच्या नोंदी बघणाऱ्या अधिकारी बाई होत्या. हिंदीत बोलत होत्या, आणि त्यांचाही आवाज दमलेलाच होता. तो पळाला एवढंच लिहिलंय, का पळाला ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणाल्या. घरी काही भांडण झालं होतं का?

रुपालीनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, भांडण नव्हतं. नवऱ्याचा शेवटचा फोन आला तेव्हा त्यांच्या पोटात उजवीकडं फार दुखत होतं. कॅप्टननं गोळी दिली होती.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं,

"हे तुम्हाला आधी कुणी विचारलं नाही?"

"किसीने नहीं," रुपाली म्हणाली.

बाईंनी बंदराजवळची इस्पितळं पालथी घातली. एका ठिकाणी बेवारस म्हणून दाखल केलेला माणूस सापडला. बाजारात कोसळला होता, लोकांनी उचलून आणलं तोवर खिसे कुणी तरी रिकामे केले होते, फोन-कागदपत्रं काहीच उरलं नव्हतं. अपेंडिक्स फुटून विष अंगात पसरलेलं. तापात जे काही बडबडायचा, ते तिथं कुणाला समजत नव्हतं. तो शिवराज होता.

खाटेशेजारी बसून बाईंनी त्याचा जबाब लिहून घेतला, डॉक्टरांचा दाखला जोडला आणि 'पळून गेला' खोडून 'आजारपणामुळे मागे राहिला' अशी नोंद केली. मग स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. गालफडं बसलेला तो चेहरा बघून रुपालीच्या अंगात रडायलाही त्राण उरलं नाही.

"जेवलात का?" एवढंच तिनं विचारलं.

शिवराज घरी आला तेव्हा त्याला जिना चढवेना. आबासाहेब आनंदानं फुलून गेले होते. "त्या कागदाची झेराक्स दे मला. एकेकाच्या नाकासमोर धरतो."

"नगं, आबा," शिवराज म्हणाला. "ज्येला म्हनायचं त्यो म्हनून बसला."

आबा गेल्यावर त्यानं रुपालीला विचारलं, "तुलाबी वाटलं व्हतं का?"

"एकांद्या दिशी वाटायचं. एकांद्या दिशी न्हाय."

तो भिंतीला डोकं टेकून बसला. "म्या तुज्या जागी आसतो, तर मलाबी वाटलं आसतं."

तब्येत जरा सुधारते न सुधारते तोच एजंटाचा फोन आला. नाव साफ झालंय, पुढल्या महिन्यात जहाज आहे, येणार का? शिवराजनं फोनवर हात धरून तिच्याकडं पाहिलं. नोंद बदलावी म्हणून ती इतके दिवस झुरली होती, पण बदलली की हा पुन्हा जाणार, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आदी नीट जेवायला लागा," ती म्हणाली. "मग सांगा त्येला काय ते."

शिवराज फोनमध्ये म्हणाला, "उद्या कळवतो."