खंदकातली पानं

गाव त्यांना होलमुरोद म्हणतं, मी मनीजाचे बाबा म्हणते. माणसांशी ते मोजकं बोलायचे आणि लिंबाच्या झाडांशी भरभरून. आमच्याकडे थंडीपासून वाचवायला लिंबं जमिनीत खोदलेल्या, वर छप्पर घातलेल्या खंदकात लावतात. खंदकात उतरताना पहिल्या पायरीवर थांबून झाडांना सलाम करायचे. नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं, आत कोणी म्हातारं माणूस बसलंय. मी घाईघाईनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ते हसले नाहीत. म्हणाले, असू दे, त्यांना बरं वाटलं असेल.

युद्धात आम्ही नदीपलीकडे पळालो. परतलो तेव्हा सासऱ्यांच्या खंदकात एकूण एक झाड मेलेलं होतं. एकाच खोडाला बुडाशी बोटभर हिरवा फुटवा होता. त्या फुटव्याची कलमं करत करत यांनी बेचाळीस झाडं उभी केली. आम्हाला मनीजा एकटीच, पण मुलं किती असं कोणी विचारलं की हे म्हणायचे, त्रेचाळीस.

त्यांचे नियम मला पाठ होते. एक असा, की कडाक्याच्या थंडीनंतर पानं गळली तर हसायचं, आणि झाडावरच राहिली तर रडायचं. जिवंत झाड आपलं पान स्वतः सोडतं, देठाशी अगदी स्वच्छ. मेलेल्याच्या अंगात सोडण्याइतकाही जीव नसतो. त्याचं पान वाळून तिथंच लटकतं, आणि ओढलं तर सालीचा तुकडा घेऊन हातात येतं. दुसरा नियम असा, की छपरावरचा बर्फ ही झाडांची गोधडी. ती काढायची नाही. वजन झालं तर खालून टेकू द्यायचे.

जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मनीजा सासरहून येऊन दवाखान्यात त्यांच्याजवळ बसली आणि मी घरी आले, कारण खंदकातली शेगडी पेटती ठेवायला दुसरं होतं कोण. आले त्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि दोन दिवस पडतच राहिला. प्लास्टिकचं छप्पर गाभण म्हशीसारखं खाली झुकलं. टेकूचे वासे मी उचलून पाहिले, एकही जागचा हलला नाही.

भिंतीपलीकडून शेजारी बोयमहमद हातात चहाचा पेला घेऊन बघत होता. तीन वर्षांपूर्वी बाजारातून रोपं आणून हा लिंबूवाला झालेला. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. म्हणाला, वहिनी, बर्फ झाडून टाका, नाहीतर छप्पर झाडांच्या डोक्यावर येईल. एवढं सांगून तो भाच्याच्या लग्नाला दुशान्बेला निघून गेला. त्याच्या स्वतःच्या खंदकावरचा बर्फ तसाच राहिला.

मी झाडला. सकाळपासून दुपारपर्यंत, खराट्यानं आणि फावड्यानं, प्लास्टिकवर अंथरलेल्या चटया अगदी स्वच्छ करून टाकल्या. मला माझाच अभिमान वाटला, हे आता सांगायला लाज वाटते. संध्याकाळी आभाळ निरभ्र झालं, वीज गेली आणि उणे अठरापर्यंत पारा उतरला. कोळसा होता तेवढा मी जाळला. सकाळी खंदकात उतरले तेव्हा उरलेली लिंबं काचेसारखी झाली होती आणि पानं सगळी जागच्या जागी होती. पुढचे तीन दिवस मी पायरीवर बसून एखादं तरी पान पडतं का ते बघत होते. चौथ्या दिवशी पहिल्या झाडाची साल नखानं खरवडली. तपकिरी. मातीपर्यंत खरवडत गेले, तरी तपकिरीच. मग बाकीच्या एकेचाळीसांची खरवडली, तीही तपकिरीच.

त्याच आठवड्यात यांना घरी आणलं. मनीजा दोन दिवस राहून सासरी गेली. हे खिडकीजवळ गादीवर पडून असायचे. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं सगळं. जेवत मात्र नव्हते. दोन चमचे शुर्बा, मटणाचं सूप, झाला की ओठ मिटायचे. डॉक्टर म्हणाले होते, अन्न गेलं नाही तर औषधाचा काही उपयोग नाही. मी विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा रागाच्या भरात नान भिंतीवर फेकली, मग उचलून कपाळाला लावली आणि रडले.

मग बोयमहमद भेटायला आला. आल्या आल्या उशाशी बसला आणि डोळे पुसायला लागला. यांना तो आको म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ.

"आको, माझं सगळं गेलं. लग्नाहून येऊन बघतो तर पानांचा खच पडलाय. एकेक झाड उघडं."

यांचं तोंड एका बाजूनं हसलं. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

"गळली? मग रडतोस कशाला, गाढवा. हलवा वाट. जिवंत आहेत तुझी झाडं."

बोयमहमद आ वासून बघत राहिला. यांनी मान हळूहळू माझ्याकडे वळवली.

"आपली?"

तोंडातून एवढंच आलं, "आपलीही गळली. सगळी."

"आण. बघू दे."

मी टोपली घेऊन खाली उतरले. सलाम केला नाही. कोणत्या तोंडानं करणार होते? वाळकी पानं माझ्या खांद्याला लागून कुरकुरत होती. पहिल्या पाच झाडांची पानं मी ओरबाडली. देठाला साल येत होती, ती एकेक नखानं खुडून टाकली.

टोपली त्यांच्या पोटाजवळ ठेवली. डाव्या हातानं त्यांनी एकेक पान उचललं आणि देठावरून अंगठा फिरवला, जपमाळ ओढावी तसा. मग म्हणाले, "शुर्बा आहे का?"

पूर्ण वाडगा संपवला. मी चुलीपाशी जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडले. खोट्याला एवढं फळ येतं हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारी विचारायचे, आज किती पडली? मी पाच झाडं उघडी करून टोपली आणायची. ते अंगठा फिरवायचे आणि जेवायचे. गालावर थोडं मांस दिसायला लागलं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले असंच चालू द्या. असंच म्हणजे कसंच, ते त्यांना काय ठाऊक. मी मात्र खंदकातली झाडं मोजत होते. बत्तीस. सत्तावीस. शेवटी दोनच उरली, त्यांची पानं मी नवव्या दिवशी आणली. दहाव्या दिवशी खंदकात नुसत्या काठ्या उभ्या होत्या.

झाडं फुटतात ती नवरोजला, वसंताच्या सणाला, आणि त्याला अजून महिना होता. तेव्हा फुटव्यांचं काय सांगायचं, हे तेव्हाचं तेव्हा बघू, असं मी स्वतःला समजावलं. आजचं बघायला हवं होतं.

मी बोयमहमदच्या दारात गेले आणि गळलेली पानं मागितली. त्याची बायको म्हणाली, न्या की वहिनी, कचराच आहे, शेळीला हवाय का? मी हो म्हटलं. त्याच्या खंदकात जमिनीवरची पानं वेचताना माझी नजर फांदीवर गेली. सालीतून टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका वर आला होता. बरं वाटायला हवं होतं. मला त्या झाडाचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं.

टोपली भरून आणली. आज नखानं खुडायचं काम नव्हतं. टोपली ठेवली, शेजारी शुर्बा ठेवला, वाफ येत होती. त्यांनी एक पान उचललं. अंगठा देठावर गेला आणि थांबला. दुसरं उचललं, मग तिसरं. मग टोपली हळूच माझ्याकडे सरकवली.

"सफारमोह, ही आपली नाहीत."

"कशावरून म्हणता?"

"ही आपोआप गळलीत."

मी खाली बसले. नऊ दिवसांच्या टोपल्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि तो अंगठा. पहिल्याच दिवशी पहिल्याच पानाला त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, मी बर्फ झाडला होता. ते म्हणाले, माहीत आहे, घरी आणलं त्या दिवशी गाडीतून कोरड्या चटया दिसल्या होत्या.

"मग तुम्ही जेवत का होतात?"

ते खिडकीबाहेर बघत होते. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"तू एवढ्या पायऱ्या उतरून जायचीस. देठं साफ करायचीस. तू पानं आणायचीस, म्हणून मी जेवायचो." मग त्यांनी विचारलं, "आता उद्या काय आणशील?"

शुर्बा निवत चालला होता. मी चमचा भरून त्यांच्या ओठांशी नेला आणि तसाच धरून बसले. त्यांनी तोंड उघडलं नाही.