हरवलेली स्प्रिंग

बाबांच्या माघारी त्यांचं पिस्तूल ठाण्यात जमा करायचं होतं. साफ करायला उघडलेलं, ते वर्षभर सुटंच पडलं होतं. स्प्रिंग घर पालथं घालूनही सापडली नव्हती. "माझं डोकंच कामातून गेलं," म्हणत बाबा खचत गेले. लेकही म्हणायची, "विसरला असाल कुठेतरी."

आता आईने लोकरीच्या गुंड्यातून स्प्रिंग काढून तिच्यापुढे ठेवली.

"आई! आणि बोलली नाहीस?"

"उठता-बसता मरणाच्या गोष्टी करायचे. बोलले असते तर बसवली असती त्यांनी."

लेकीने स्प्रिंग नळीखाली बसवली, वरचा भाग सांगाड्यावर सरकवला, मागे ओढून सोडला. खट्‌कन सगळं जागेवर बसलं. बाबांनी शिकवलेलं ती काही विसरली नव्हती.

ते तरी कुठे काय विसरले होते!